चष्म्यातला सिनेमा: गाडी सुटण्याआधी काय करायचं

रात्रीच्या गाडीत फोनवर सिनेमा बघायचा म्हणजे हात भरून येतो, मान अवघडते आणि शेजारच्याची नजर आपल्याच पडद्यावर खिळलेली असते. डोळ्यांवर चढवायचा व्हिडिओ चष्मा या तिन्हींवर उत्तम इलाज आहे. पण पेटीतून काढला, घातला आणि सिनेमा सुरू झाला, असं त्याचं नसतं. हौसेने घेतलेले हे चष्मे पुढे कपाटात पडून राहतात, कारण सगळी तयारी गाडीत बसल्यावर सुरू केलेली असते आणि घोडं तिथेच पेंड खातं. निम्म्याहून जास्त काम घरी उरकायचं आहे, म्हणून ही कृती घरापासून सुरू होते.

आधी वस्तू ओळखा

'स्मार्ट चष्मा' या एकाच नावाखाली दुकानात फार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. रे-बॅन मेटासारख्या चष्म्यात कॅमेरा आणि स्पीकर असतात, पण त्यात सिनेमा दिसत नाही. काही चष्म्यांच्या काड्यांत नुसते ब्लूटूथ स्पीकर असतात. फोन आत सरकवून डोक्याला बांधायचा व्हीआर बॉक्स स्वस्त असतो, त्यात चित्र दिसतंही, पण फोनचे ठिपके भिंगाखाली मोठे होऊन दिसतात आणि अर्ध्या तासात नाकाचं हाड दुखायला लागतं. आपल्याला हवाय तो एक्सरियल, व्हिट्यूर, रोकिड, रेनिओ या कंपन्या बनवतात त्या जातीचा चष्मा. दिसायला जाडसर गॉगल, वजन साधारण ७० ते ९० ग्रॅम, काडीच्या टोकातून निघालेली एक वायर आणि ती थेट फोनमध्ये. त्याला स्वतःची बॅटरी नसते, वीज आणि चित्र दोन्ही फोनकडूनच येतं.

कल्पना जुनी आहे. सोनीने ग्लासट्रॉन १९९६मध्ये विकायला काढला होता. त्याच कंपनीचा २०११चा एचएमझेड-टी१ हा डोक्यावर बांधायचा पडदा चित्राला सुरेख होता, पण त्याचं वजन ४२० ग्रॅम होतं आणि सोबत एक वेगळा डबा लागायचा. प्रवासात न्यावा असा चष्मा मिळायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली.

आत काय चालतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या सूचना कशासाठी आहेत ते कळेल. भुवईच्या पातळीवर, प्रत्येक डोळ्यासाठी एक, असे अर्ध्या-पाऊण इंचाचे दोन ओलेड पडदे खाली तोंड करून बसवलेले असतात. त्यांचा प्रकाश डोळ्यासमोर तिरक्या लावलेल्या अर्धपारदर्शक काचेवर पडतो, तिथून पुढच्या वक्र काचेकडे जातो आणि तिच्यावरून परतून डोळ्यात शिरतो. ही वक्र काचही अर्धपारदर्शकच असते. म्हणून चित्राच्या आरपार गाडीचा डबा दिसत राहतो, आणि म्हणूनच चित्राचा थोडा उजेड समोरच्या बाजूने बाहेरही झिरपतो. आणखी एक गोष्ट: ओलेडवर काळा रंग म्हणजे विझलेला ठिपका. जिथे चित्र काळं, तिथे चष्म्यात काहीच नसतं, समोरचं जे असेल ते दिसतं.

'२०० इंच' याचा अर्थ

जाहिरातीत १३० किंवा २०० इंचांचा पडदा म्हणतात. हा आकडा खोटा नसतो, पण एकट्याने त्याला काहीच अर्थ नाही, कारण तो किती अंतरावरचा पडदा हे सोबत सांगावं लागतं. खरा विचारायचा आकडा कोनाचा. बहुतेक चष्म्यांत कर्णाचा कोन ४६ ते ५० अंश असतो, काही नव्या मॉडेलांत ५७. ४६ अंश म्हणजे चार मीटरवर सुमारे १३० इंच आणि तोच सहा मीटरवर धरला की २०० इंच. चित्र तेच, डोळ्यात तेवढीच जागा व्यापणारं.

घरच्या अनुभवाशी ताडून बघा. ५५ इंची टीव्ही अडीच मीटरवरून बघितला तर कोन ३१ अंशांच्या आसपास येतो. साडेसहा इंची फोन ३० सेंटिमीटरवर धरला तरी जवळजवळ तेवढाच. म्हणजे चष्म्यातलं चित्र घरच्या टीव्हीच्या सुमारे दीडपट लांबरुंद वाटेल. ही वाढ खरोखर मोठी आहे, मात्र आयमॅक्सची अपेक्षा घेऊन जाऊ नका. दुकानदाराने कोन सांगितला नाही तर तो मॉडेलच्या माहितीपत्रकात शोधा, इंचांवर सौदा करू नका.

फोन चालेल का?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. फोनला टाइप-सी पोर्ट आहे एवढं पुरत नाही, त्या पोर्टमधून चित्र बाहेर पडायला हवं. याला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. आयफोन १५ मालिकेपासून हे सुरू झालं. सॅमसंगच्या गॅलक्सी एस मालिकेत ते बऱ्याच वर्षांपासून आहे, गूगलच्या पिक्सेल ८ला नंतरच्या अपडेटने मिळालं. मधल्या किमतीच्या अनेक फोनांत पोर्ट तोच असतो पण ही सोय नसते, आणि ती कुठल्याही अ‍ॅपने आणता येत नाही.

चष्मा घेण्याआधी खात्री करायची पद्धत सोपी आहे. टाइप-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॉप्टर मिळवा, लॅपटॉप वापरणाऱ्या कुणाकडेही तो असतो. फोन वायरने घरच्या टीव्हीला लावा. वेगळं अ‍ॅप न टाकता फोनचा पडदा टीव्हीवर उमटला, तर चष्म्यातही उमटेल. उमटला नाही तर आधी अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या फोनवर लावून बघा, म्हणजे दोष कुणाचा ते ठरेल. आणि फोनचं जाड कव्हर काढून बघा. कव्हरच्या कडेमुळे पिन पूर्ण आत बसत नाही आणि चित्र येत-जात राहतं, हे फार वेळा होतं.

चष्म्यासोबत आलेलीच वायर वापरा. चार्जरच्या साध्या वायरीतून वीज जाते, चित्र जात नाही.

अमेरिकेतून किंवा दुबईहून येणाऱ्या नातलगाकडून मागवत असाल तर वॉरंटी कुठल्या देशात चालते ते आधी विचारून घ्या. वायर आणि काडीचा सांधा ही या चष्म्याची नाजूक जागा आहे, दुरुस्तीची वेळ तिथेच येते.

डोळ्यांचा नंबर

ज्यांना चष्मा आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा. डोळ्यापासून पडदा दोन-तीन सेंटिमीटरवर असला तरी चित्र काही मीटर लांब असल्यासारखं बनवलेलं असतं. त्यामुळे इथे लागतो तो लांबचा नंबर. केवळ चाळिशी लागलेल्या माणसाला यात काहीच लावावं लागत नाही. फोनवरचे सबटायटल वाचताना हात लांब करणाऱ्या आईवडिलांना चष्म्यातली तीच अक्षरं स्वच्छ दिसतात, आणि माझ्या मते या वस्तूचा सगळ्यात मोठा फायदा त्यांनाच आहे.

लांबचा मायनस नंबर असेल तर दोन मार्ग आहेत. काही चष्म्यांत प्रत्येक डोळ्यासाठी एक चाक असतं, ते फिरवून नंबर जुळवता येतो. रोकिड मॅक्समध्ये उणे ६पर्यंत जाता येतं. पण या चाकाने सिलिंडरचा नंबर जुळत नाही. सिलिंडर अर्ध्या-पाऊणपेक्षा जास्त असेल तर दुसरा मार्ग घ्या: चष्म्यासोबत आत अडकवायची एक बिनकाचांची छोटी फ्रेम मिळते, ती चष्मेवाल्याकडे देऊन आपल्या लांबच्या नंबरच्या काचा बसवून घ्या. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचा यात बसवू नका, खालचा अर्धा पडदा धूसर होईल. नेहमीच्या चष्म्यावर हा चष्मा चढवून बघायचा विचारही सोडा, दोन्हींवर चरे पडतात आणि डोळा मागे गेल्याने चित्राच्या कडा कापल्या जातात.

चष्मेवाल्याकडे गेलातच तर दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून घ्या. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. काही मॉडेलं दोन मापांत मिळतात आणि चुकीचं माप घेतलं तर एका बाजूची अक्षरं कायम फुटलेली दिसतात.

घरी रंगीत तालीम

प्रवासाच्या किमान एक दिवस आधी, रात्री, घरच्या खुर्चीत बसून हे सगळं करून बघा.

पहिलं काम नाकावरच्या गादीचं. पेटीत लहान-मध्यम-मोठ्या अशा जोड्या येतात. फोनवर चारही कोपऱ्यांत मजकूर असलेलं पान उघडा आणि चारही कोपरे एकाच वेळी वाचता येतात का ते पाहा. वरची कड कापली जात असेल तर गादी बदला, खालची कापली जात असेल तरी गादीच बदला, मग काड्यांचा कल एक टप्पा वर-खाली करा. लोक इथे ब्राइटनेस आणि फोकस शोधत बसतात, पण दोष चष्मा नाकावर कुठे बसलाय याचा असतो. गादी जुळली की चष्मा हातानेही सारखा करावा लागत नाही.

दुसरं, चित्राचा आकार. फोनचा पडदा उभट, २० बाय ९ वगैरे असतो आणि चष्म्याचा १६ बाय ९. फोन नुसता आरशासारखा चष्म्यात उमटला की १६ बाय ९चं चित्र चहूबाजूंनी काळ्या पट्ट्यांत अडकतं आणि ८० टक्केच उंचीचं दिसतं. सॅमसंगवर डेक्स नावाची सोय सुरू केली की चष्मा स्वतंत्र पडदा होतो आणि चित्र पूर्ण भरतं. आयफोनवर बरीच व्हिडिओ अ‍ॅप्स आपणहून पूर्ण चित्र पाठवतात. रुंद पडद्याचे सिनेमे मात्र नुसत्या प्रतिबिंबातही छान बसतात. 'श्यामची आई'सारखा १९५३चा सिनेमा मुळातच चौकोनी आकाराचा, त्याच्या दोन्ही बाजूंना जागा राहणारच. ती ताणून भरू नका, माणसं बुटकी दिसतात.

तिसरं, सिनेमा फोनमध्ये उतरवून ठेवा. कोकण रेल्वेवर ९१ बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा, आणि दोन बोगद्यांच्या मधेही डोंगराच्या कुशीत रेंज असेलच असं नाही. उतरवलेला सिनेमा फोन एअरप्लेन मोडवर टाकून, चष्मा लावून, पाच मिनिटं चालवून बघा. काही ओटीटी अ‍ॅप्स वायरने जोडलेल्या पडद्यावर चित्र द्यायला नकार देतात. आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. हे घरी कळलं तर दुसऱ्या अ‍ॅपवर सोय करता येते. काही डाउनलोड एकदा सुरू केल्यावर ४८ तासांत संपतात, त्यामुळे चाचणीसाठी दुसराच एखादा व्हिडिओ वापरा.

चौथं, फोनवर डू नॉट डिस्टर्ब. नाहीतर घरच्या ग्रुपवरचे निरोप डोळ्यासमोर भल्यामोठ्या अक्षरांत येत राहतील.

कोणता सिनेमा न्यायचा

याचा विचार कुणी करत नाही, आणि करायला हवा. चालत्या गाडीत शरीर हलत असतं, त्यात पडद्यावरचा कॅमेराही हातात धरून पळवलेला असेल तर डोकं चढतं. पहिल्या प्रवासाला कॅमेरा स्थिर असलेला सिनेमा न्या. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' यासाठी फार चांगला. लांबलचक स्थिर दृश्यं आहेत, आणि फोनच्या पडद्यावर मुंगीएवढी दिसणारी मागची माणसं चष्म्यात वाचता येतात. 'तुंबाड'सारखा अंधारा सिनेमा रात्रीसाठी ठेवा. दिवसा त्यातल्या काळ्या जागांतून समोरचा बर्थ दिसत राहतो. 'सैराट' १७४ मिनिटांचा आहे, तो बघायचा तर चार्जिंगचा हिशोब आधी करा.

गाडीत बसल्यावर

जागा निवडता येत असेल तर वरचा बर्थ घ्या. खाली समोरासमोर बसून चष्मा लावला की समोरच्या प्रवाशाला वाटतं, हा माणूस आपल्याकडे रोखून बघतोय. बाई समोर असेल तर तिला अवघडल्यासारखं होणं अगदी साहजिक आहे. खालीच बसावं लागलं तर तोंड खिडकीकडे करा आणि शेजारच्याला एका वाक्यात सांगून टाका की सिनेमा बघतोय. कॅमेरा नसलेलं मॉडेल घ्यावं असं मी म्हणतो ते याचसाठी. 'यात कॅमेरा नाही' हे खरेपणाने सांगता आलं पाहिजे.

आता खासगीपणाचं. शेजारच्याला चित्र दिसू नये म्हणून हा खटाटोप, पण सिनेमा तीन वाटांनी बाहेर पडतो. पहिली वाट म्हणजे खुद्द फोन. प्रतिबिंबाच्या पद्धतीत तोच सिनेमा फोनच्या पडद्यावरही चालू असतो. ब्राइटनेस अगदी खाली आणा आणि फोन मांडीवर उपडा ठेवा. बटण दाबून पडदा बंद केला तर बहुतेक फोनांत सिनेमाही थांबतो. खिशात किंवा पांघरुणात कोंबू नका, चष्म्याला वीज पुरवताना फोन तापतो, आणि तापला की स्वतःच चित्र मंद करतो.

दुसरी वाट चष्म्याच्या पुढची काच. अंधाऱ्या डब्यात समोरच्याला तिथे बारीक हलता उजेड दिसतो. सोबत मिळणारं काळं झाकण पुढे लावलं की तो अडतो आणि चित्रही गडद उठून दिसतं. काही चष्म्यांत काच बटणाने काळी करता येते, पण त्यातून थोडं आरपार दिसत राहतं. दिवसा झाकण काढून ठेवायची सवय चांगली. सामान डोळ्यापुढे राहतं.

तिसरी वाट आवाजाची. काड्यांतले स्पीकर उघड्या हवेत वाजतात आणि शांत डब्यात हातभर अंतरावर संवाद ऐकू जातात. रात्री दहानंतर इयरफोनशिवाय आवाज करू नये हा रेल्वेचा नियमही आहे. पोर्टमध्ये चष्म्याची वायर असल्याने इयरफोन ब्लूटूथचे लागतील. ते जोडले तरी आवाज चष्म्यातूनच येत असेल, तर फोनच्या आवाजाच्या यादीत जाऊन इयरफोन निवडा. एक कान मोकळा ठेवा. टीसी, चहावाला, स्टेशनची घोषणा, कुणी बॅग ओढल्याचा आवाज, हे सगळं ऐकू यायला हवं. बॅगेला साखळी आणि तिकीट वरच्या खिशात, हे चष्मा लावण्याआधी.

वरच्या बर्थवर आडवं झालात की एक बारकावा कामाला येईल. चष्म्यातल्या तिरक्या काचेत खालच्या बाजूने येणारा उजेडही शिरतो. पांढरा शर्ट किंवा रेल्वेची पांढरी चादर छातीवर असेल तर तिची छाया चित्राच्या खालच्या भागात, नेमकी सबटायटलवर, तरंगत राहते. गडद शाल छातीवर ओढून घ्या, छाया लगेच जाते. उताणंच झोपा, कुशीवर वळलात की उशी काडी दाबते आणि सांधा मोडतो.

चार्जिंगचं गणित आधीच करून ठेवा. आगीचा धोका टाळण्यासाठी रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याची रेल्वेची पद्धत आहे, आणि सिनेमा बघायची वेळ तीच. चष्मा आणि पॉवर बँक एकाच वेळी लावता येईल असा दुतोंडी अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण तो चित्र जाऊ देणारा आहे का ते बघून घ्या. विमानाने जात असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, आणि ती उड्डाणात वापरता येते का ते निघण्याआधी तपासा.

घाट

रेल्वेत हा चष्मा सुखाचा, बसमध्ये जपून. डोळ्यांना स्थिर पडदा दिसतो आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वळण सांगते, दोघांचं जमत नाही आणि गाडी लागते. ज्यांना एरवीही बसमध्ये त्रास होतो त्यांनी कशेडी, आंबा, वरंधा अशा घाटांत चष्मा पेटीतच ठेवावा. इतरांनीही वळणं सुरू होताच काढावा, मळमळ सुरू व्हायची वाट बघू नये. एकदा ती सुरू झाली की चष्मा काढल्यावरही तास-दीड तास जात नाही.

काही चष्म्यांत पडदा हवेत एका जागी खिळवून ठेवायची सोय असते. डोकं वळवलं तरी पडदा जागेवर राहतो. घरी हे फार सुंदर वाटतं. चालत्या वाहनात बंद ठेवा. चष्म्यातल्या जायरोस्कोपला वाहन वळलं की डोकं वळलं हे ओळखता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वळणावर पडदा एका बाजूला निसटतो. डोक्यासोबत फिरणारा पडदाच प्रवासात बरा. तो गाडीच्या हादऱ्यांनी थरथरत नाही हाही फायदा.

दर अर्ध्या तासाने सिनेमा थांबवा, चष्मा काढा, डोळे मिटून उघडा. पडदा बघताना पापण्या कमी लवतात आणि एसी डब्यात डोळे कोरडे पडतात. आणि कोकणातून पावसाळ्यात दिवसा जात असाल, तर रोह्याच्या पुढे चष्मा काढूनच ठेवा. खिडकीबाहेर जे आहे त्याच्यापुढे कुठलाही सिनेमा थोडा थांबू शकतो.

लहान मुलांना हा चष्मा देऊ नका. बाहुल्यांमधलं अंतर त्यांना जुळत नाही आणि वायर ओढली जाते ती वेगळीच.

काढून ठेवताना

आधी सिनेमा थांबवा, मग पिन सरळ ओढून काढा, मग चष्मा उतरवा. वायर काडीभोवती गुंडाळायची नाही. सैल वेटोळं करून पेटीच्या कप्प्यात ठेवा. काचांना आतून बोट लागलं असेल तर कोरड्या मऊ फडक्याने हलकेच टिपा, कॉलिन किंवा स्पिरिट लावलं की काचांवरचा लेप जातो. धूळ असेल तर आधी फुंकर, मग फडकं.

पेटी खिडकीच्या फळीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर उघडी ठेवू नका. भिंगांतून शिरलेलं ऊन आतल्या इवल्याशा पडद्यावर एकवटतं आणि त्याचा डाग कायमचा राहतो. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी टाका, महिन्या-दोन महिन्यांनी ती बदला, आणि घरी आल्यावर नंबरच्या काचांची आतली फ्रेम काढून तिच्या मागची वाफ पुसून घ्या.